जुन्या ट्रकचा रंग खरवडण्यापूर्वी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत एका जुन्या ट्रकचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. डावीकडे उडालेल्या निळ्या रंगाचा, मडगार्डला पोचे आलेला ट्रक. उजवीकडे तोच ट्रक, पण आरशासारखा चकचकीत, बंपरला क्रोम, हौद्याला पॉलिश मारलेल्या नव्या फळ्या. खाली 'आधी' आणि 'नंतर' असे लिहिले होते. मालकांनी दोन वर्षे घाम गाळला हे दिसतच होते आणि त्यांच्या हौसेचे मला मनापासून कौतुक आहे. पण मी बघत राहिलो तो डावीकडचा फोटो. आधी चष्मा लावून, मग भिंग घेऊन. त्या ट्रकच्या दारावर हाताने काढलेली अक्षरे होती. निम्मी पुसलेली, तरी तिथे एक ओळ होती एवढे कळत होते. उजवीकडच्या फोटोत त्या जागी सपाट निळा रंग आहे. ती ओळ काय होती हे लेखात कुठेच आलेले नाही, आणि आता ती वाचायला प्रत्यक्ष ट्रकपाशी जाऊनही उपयोग नाही.

मी गाड्यांचा रंगारी. ४१ वर्षे हेच काम केले. आधी ब्रशने अक्षरे काढायला शिकलो, मग स्प्रेगन हातात आली, पुढे पत्र्याचे कामही करू लागलो. जुनी गाडी नवी करून द्यायला माझा हात चांगला आहे असे लोक म्हणत. तेव्हा हे पत्र बाहेरून बघणाऱ्याचे नाही. ज्याबद्दल लिहितो आहे ते मी स्वतः वर्षानुवर्षे केले आहे, आणि त्यातले एक अजून सलते.

असाच एक ट्रक माझ्याकडे आला होता. मालक नवे होते. "सगळा रंग काढा, पत्रा उघडा करा, मग नव्याने द्या," असे सांगून गेले. मी कामाला लागलो. डॅशबोर्डच्या कप्प्याचे झाकण सुटे केले, तर आतल्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरांत तारखा लिहिलेल्या. एकीखाली एक. प्रत्येक तारखेपुढे मैलांचा आकडा आणि त्यापुढे 'ऑइल', 'ग्रीस', एका ठिकाणी 'मागचा पाटा बदलला'. ती जुनी जांभळी पेन्सिल होती, जिभेला लावली की शाईसारखी उमटायची. झाकण भरून गेल्यावर लिहिणाऱ्याने कडेने उभे लिहायला सुरुवात केली होती. मी ते वाचले, हाताखालच्या पोरालाही दाखवले आणि मग १२० नंबरचा पॉलिशपेपर मारला. दहा मिनिटांत झाकण स्वच्छ. प्रायमर, सरफेसर, रंगाचे दोन हात.

गाडी तयार झाल्यावर मालकांनी कौतुकाने पहिल्या ड्रायव्हरच्या मुलीला बघायला बोलावले. त्या बाई आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, छान झाली म्हणाल्या. मग दार उघडून आत बसल्या आणि सरळ त्या कप्प्याचे झाकण खाली ओढले. आतल्या बाजूवरून बोट फिरवले. झाकण परत लावून दिले. मला काहीच बोलल्या नाहीत. मी फडके हातात घेऊन तिथेच उभा होतो.

त्यानंतरही पुष्कळ वर्षे मी तेच काम करत राहिलो. पोट त्यावर होते. फक्त झाकण, दाराची आतली बाजू, सीटखालचा पत्रा असे काही उघडायचे झाले की आधी बॅटरी मारून नीट बघायची सवय लागली.

आज लिहायला बसलो त्याचे कारण असे की सध्या एक ट्रक माझ्यापुढे उभा आहे. ओळखीतल्या कुटुंबाचा. आजोबांनी दुसऱ्याकडून घेतलेला, त्यांच्यानंतर कित्येक वर्षे शेडमध्येच. नातवाला आता तो बाहेर काढायचा आहे. मला म्हणाला, "काका, कंपनीतून आत्ता बाहेर पडल्यासारखा करून द्या." मी म्हटले, आधी मला आठ दिवस तो नुसता बघू दे.

शेव्हरोलेचा दीड टनी ट्रक, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, स्टार्टर पायाने दाबायचा. कागद गहाळ. घरात कोणी १९४८ चा म्हणे, कोणी १९५३ चा. शेवटी गाडीनेच सांगितले. या बांधणीचे ट्रक कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणले आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनवले. लांबून सगळे भाऊ-भाऊ दिसतात. पण दाराच्या पुढच्या कोपऱ्यात वाऱ्यासाठी फिरवायची त्रिकोणी काच आली ती १९५१ मध्ये. आणि बाहेरचे फिरवायचे हँडल जाऊन बटण दाबायचे हँडल आले ते १९५२ मध्ये. या ट्रकला त्रिकोणी काच आहे आणि हँडल फिरवायचे आहे. म्हणजे १९५१. समोरची काच मधोमध जोडलेली, दोन तुकड्यांची. ती १९५४ मध्ये एकसंध झाली, तेव्हा तेही जुळले. दारे खालून थोडी सडली आहेत. पहिल्याच दिवशी कोणी ती काढून चांगली १९५३ ची दारे आणून बसवली असती, तर गाडी देखणी दिसली असती आणि स्वतःचे वय विसरली असती.

नातवाचा दुसरा बेत समोरच्या जाळीचा होता. जाळीच्या पाच आडव्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत, त्याला तिथे क्रोम हवा होता. त्याला मी समजावले ते असे. १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले, अमेरिकेत निकेल आणि क्रोम लष्कराकडे वळले, आणि ट्रकवर जिथे थोडाफार क्रोम येई तिथेही रंग येऊ लागला. साध्या ट्रकची जाळी तर एरवीही रंगाचीच असे. ती ओझे वाहायला बनवलेली गाडी होती. आज तिला क्रोम चढवला तर ती कधीच नव्हती तशी होईल, आणि आपण त्याला 'मूळ रूप परत आणले' असे म्हणू.

याच गोष्टीचे फार मोठे उदाहरण रशियात आहे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा नोव्हेंबर १९४१ पासून गोठलेल्या लॅडोगा सरोवराच्या बर्फावरून ट्रकने शहरात धान्य नेले. गाझ-एए नावाचे ते दीड टनी ट्रक, फोर्डच्या नमुन्यावर बनवलेले. कितीतरी ट्रक बर्फ फुटून तळाला गेले. उडी मारता यावी म्हणून ड्रायव्हर दार उघडे ठेवून चालवत. युद्धात पत्रा आणि माल पुरेना, म्हणून पुढे त्या ट्रकच्या बांधणीत काटछाट झाली: हेडलाइट एकच, तोही ड्रायव्हरच्या बाजूचा, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत, केबिनला पत्र्याऐवजी लाकूड आणि कॅनव्हास. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी त्या सरोवरातून ट्रक वर काढलेले आहेत. आता समजा असा एखादा एका डोळ्याचा ट्रक कोणाच्या हाती लागला आणि त्याने प्रेमापोटी, अगदी चांगल्या मनाने, त्याला दुसरा हेडलाइट बसवला. ट्रक पूर्ण दिसेल. पण त्या युद्धकाळाबद्दल तो जे सांगत होता ते दुसऱ्या दिव्याबरोबर संपले.

आमच्या धंद्यात 'रिस्टोअर' हा एकच शब्द सगळ्याला वापरतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जुन्या वाहनांच्या संघटनांची 'फिवा' ही जागतिक संस्था १९६६ पासून आहे. तिने २०१२-१३ मध्ये ट्युरिनची सनद केली. त्या सनदेला आधार आहे १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेचा, जी जुन्या इमारती आणि स्मारकांसाठी होती. ट्युरिनच्या सनदेत आहे तसे राखणे, होणारी झीज थांबवणे आणि गेलेले परत उभे करणे ही कामे वेगवेगळी धरली आहेत. आपल्याकडे तिन्हींसाठी एकच पॉलिशपेपर निघतो. व्हेनिसच्या सनदेतली एक गोष्ट मला रंगारी म्हणून फार पटते: जिथून अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. आणि नवा घातलेला भाग जुन्यात मिसळून जावा, पण बारकाईने बघणाऱ्याला तो नवा आहे हे ओळखता यावे. आम्ही आयुष्यभर याच्या उलट केले. जोड दिसू नये यातच कसब मानले.

मोठ्या प्रदर्शनांतही वारे फिरले आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला १९५० पासून जुन्या मोटारींचा मेळा भरतो आणि तिथे वर्षानुवर्षे आरशासारख्या केलेल्या गाड्याच सर्वोत्तम ठरत आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदा तिथला सर्वोच्च मान जतन केलेल्या गाडीला मिळाला. १९३४ ची बुगाटी टाइप ५९. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे ती होती, तेव्हा दिलेला काळा रंग झिजलेल्या अवस्थेत तसाच ठेवलेला आहे. राजाच्या गाडीचा झिजलेला रंग राखायचा आणि कष्टकऱ्याच्या ट्रकचा खरवडायचा, हे काही बरोबर नाही. खरे तर ट्रकच्या बाबतीत जास्त जपायला हवे. मोटारी लोक हौसेने सांभाळत आले, ट्रक मात्र मरेपर्यंत वापरले आणि भंगारात घातले. म्हणून अंगावर पहिला रंग असलेला ट्रक हाती लागणे फारच दुर्मीळ.

त्या आठ दिवसांत मी काय बघितले ते सांगतो.

रंग वरून हिरवा. पांढरी भुकटी आल्यासारखा, बोट फिरवले की बोटाला लागतो. उन्हाने रंगातले तेल-राळ मरते आणि नुसती पूड वर सुटी राहते, त्याला आम्ही 'रंग पिठाळला' म्हणतो. अशा रंगावर रबिंग कंपाउंड मारायचा मोह होतो आणि क्षणभर फार सुंदर दिसते. पण ती चमक रंग खाऊनच येते. कंपनीचा मूळ थर जेमतेम केसाच्या जाडीचा असतो. कडांवर, बोनेटच्या मधल्या रेघेवर तर त्याहून पातळ. दोन हात जास्त फिरले की खालचा प्रायमर डोकावतो.

सीटच्या मागे, जिथे कोणाची नजर जात नाही अशा जागी मी नाण्याएवढी जागा पाणी लावून बाराशेच्या पेपरने तिरकी उतरवत नेली. झाडाच्या बुंध्यात कडी दिसतात तशी थरांची कडी उघडी होतात. वरून हिरवा, त्याखाली करडा अस्तर, त्याखाली तांबडा-विटकरी, आणि तळाला एक गडद हिरवा, तोच कंपनीचा असावा. तांबड्या थराला स्वतंत्र अस्तर नव्हते, तो थेट कंपनीच्या रंगावर दिलेला होता, आणि ब्रशने. म्हणजे घाईने किंवा कमी सामानात दिलेला.

मग दार. दिवसा तिथे काहीच दिसत नव्हते. संध्याकाळी शेडच्या फटीतून ऊन आडवे आले तेव्हा हिरव्या रंगाखाली उंचवटे उठून दिसले. अक्षरे! रंगाने काढलेले अक्षर पत्र्यापेक्षा किंचित उंच असते, त्यावर दुसरा रंग दिला तरी तो उंचवटा वर येतोच, सपाट उजेडात तेवढा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी अंधार करून मी बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून धरली आणि एकेक अक्षर वाचत गेलो. हे माझे जुने काम, त्यामुळे हात ओळखता येतो. उभ्या रेघेची सुरुवात जाड, शेवट निमुळता. ब्रश भरून घेतल्यावर पहिल्या अक्षराला पोट आलेले, पुढची दोन जरा कोरडी. वेलांट्यांचा कल नेहमीच्या उलटा होता. लिहिणारा डावखुरा असणार. आणि अक्षरांच्या डोक्यावर व पायाशी दोन सरळ बारीक ओरखडे होते, त्याने ओळ आखून घेतली होती त्याचे. इतक्या वर्षांनी एका अनोळखी रंगाऱ्याच्या हाताशेजारी माझा हात होता.

काय लिहिले होते ते शेवटी सांगतो.

आता जे म्हणतील की 'मग काय गाडी तशीच सडू द्यायची?', त्यांना माझे उत्तर असे आहे की जतनाला पुनर्बांधणीपेक्षा जास्त कष्ट पडतात. पहिले दोन दिवस आम्ही फक्त उंदरांची घरटी काढली. उंदराचे मूत पत्रा खाते, सीटखालचा पत्रा तिथेच गेला होता. मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ, मग साध्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, कापसाच्या बोळ्याने, तळहाताएवढी जागा एका वेळी. बोळ्याला रंग लागला की थांबायचे. संग्रहालयांत नाजूक रंग साफ करायला कधी कधी थुंकीने ओला केलेला बोळा वापरतात, हे ऐकून नातू हसला होता. डॅशबोर्डच्या काट्यांभोवतीचा मळ त्यानेच निघाला. शेवटी अगदी पातळ मेणाचा हात, जो पुढे कोणाला काढावासा वाटला तर काढता येईल.

उघड्या पडलेल्या पत्र्यावर जवसाचे उकळलेले तेल फासायची टूम निघाली आहे. फोटोत रंग खुलतो. पण ते तेल पुढे पिवळट, काळपट होत जाते, चिकट राहिले तर धूळ धरते, आणि वाळून घट्ट झाल्यावर काढायला गेले की खालचा रंग घेऊन निघते. शिवाय त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. फडके पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. वरून पारदर्शक क्लिअर कोट मारणे तर त्याहून वाईट. गंजावर मारलेला कोट धरत नाही, कडेने दमट हवा आत शिरते, खाली गंज चालूच राहतो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. नव्या पत्र्यावर मीठ-व्हिनेगर मारून मुद्दाम गंज आणणे आणि त्याला जुनेपण म्हणणे, हे तर मला खोट्या सहीसारखे वाटते.

गंज थांबवलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजते, म्हणून पहिला उपाय कोरडी, हवेशीर जागा. प्लॅस्टिकचा ताडपत्रीसारखा कागद गाडीवर घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. सुती कापड घाला. गंजलेला पत्रा मूळ पत्र्यापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की जोड आतून फुगतो आणि वेल्डिंगचे टाके तुटतात. तिथे पातळ मेणतेल आत मुरवायचे. दाराचा जो तळ खरोखर गेला आहे, तिथे फक्त गेला तेवढाच तुकडा कापून नवा जोडायचे आम्ही ठरवले आहे, आणि त्या तुकड्याच्या आतल्या बाजूला तारीख ठोकणार आहोत.

सगळा पत्रा वाळूच्या माऱ्याने साफ करणाऱ्यांना एक सांगतो. चपट्या पत्र्यावर, विशेषतः दारावर आणि टपावर, त्या माराने वरची बाजू ताणली जाते आणि पत्रा कायमचा लहरतो. मग लांबी (पुट्टी) भरत बसा. वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. जुन्या रंगांत शिसे असते, पिवळ्या-तांबड्यांत तर हमखास, त्यामुळे कोरडे घासणे म्हणजे शिशाची धूळ हुंगणे. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असते, ते हवेच्या पाइपने उडवू नका. माझ्या पिढीने हे सगळे उघड्या नाकाने केले. माझ्यासोबतचे काही जण आता खोकतात.

आणि जिथे जुने बदललेच पाहिजे तिथे माझी अजिबात ओढाताण नाही. ब्रेक. या ट्रकचे ब्रेक हायड्रॉलिक आहेत आणि मास्टर सिलिंडर एकच, सगळ्या चाकांना एकच वाट. एका ठिकाणी गळाले की पायाखाली काहीच उरत नाही. रबर, नळ्या, सगळे नवे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते म्हणून आतून गंज धरतो, आणि रंगावर सांडले तर रंग उचलते, म्हणून भरताना खाली फडके धरायचे. वायरिंगही तसेच. सुताच्या वेष्टणाखालचे रबर हाताळले की भुगा होतो. सहा व्होल्टची गाडी असली तरी आग लागायला तेवढे पुरे. सुती वेष्टण असलेली पण आत आधुनिक आवरणाची वायर मिळते, ती घालणार. टायर भेगाळलेले, ते काढणार. रिमला टायर जागेवर धरणारी सुटी लॉक रिंग आहे, ती गंजलेली असेल तर हवा भरताना सुटून माणूस जागीच जाऊ शकतो. म्हणून ते काम पिंजऱ्यात ठेवूनच. इंजिन अडकलेले होते. कोणीतरी ओढून गिअरमध्ये टाकू म्हणाले, मी नको म्हटले. प्लगच्या भोकांतून तेल घालून तीन आठवडे वाट बघितली आणि मग हँडल हाताने हळूच हलवले. चौथ्या आठवड्यात ते एक वीत फिरले. त्या दिवशी नातू आणि मी दोघेही बराच वेळ काही न बोलता नुसते हँडलकडे बघत होतो.

काढलेली प्रत्येक वस्तू, फुटका पाइप असला तरी, चिठ्ठी बांधून लाकडी पेटीत जाते. चासी नंबरच्या जागेवर कोणाला ग्राइंडर लावू देत नाही.

मी प्रत्येक गाडीबद्दल हे म्हणत नाही. ज्या ट्रकचा रंग आधीच दोनदा उघडा पत्रा करून दिला गेला, ज्याचा हौदा नाही, फाळका नाही, केबिन तिसऱ्याची आहे, त्याला खुशाल नवा करा. तिथे पुसायला काही उरलेलेच नाही, आणि चांगला कारागीर त्याला जीव देऊ शकतो. मी असे ट्रक केले आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. रस्त्यावर रोज धावायचा असेल तरी हिशेब वेगळा. माझे म्हणणे त्या मोजक्या गाड्यांपुरते आहे ज्यांच्या अंगावर अजून काही लिहिलेले आहे. पुनर्बांधणी उद्या करता येते, दहा वर्षांनी करता येते. खरवडलेले परत लावता येत नाही. एवढा एक फरक ध्यानात घेतला तरी बहुतेक भांडणे मिटतात.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. अशा गाड्यांवर लेख छापताना मालकांना एवढे जरूर विचारा की काय काढले, आणि काढण्याआधी त्याचे फोटो घेतले का, माप घेतले का, रंगाचा एखादा तुकडा तरी राखला का. वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या शेडमध्ये असा ट्रक असतो. त्याने 'आधी' आणि 'नंतर' बघून पॉलिशपेपर हातात घेण्यापूर्वी हे प्रश्न त्याच्या कानावर पडायला हवेत.

आता दारावरचे. तांबड्या थरावर पांढऱ्यात दोन नावे होती, मध्ये 'आणि'. पहिले नाव नातवाच्या आजोबांचे. दुसरे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. नातू म्हणाला, "काका, वरचा हिरवा उतरवा ना, ही अक्षरे बाहेर काढू." मलाही क्षणभर वाटले. सॉल्व्हंटने, धीराने, ते जमले असते. पण हिरवा रंग आजोबांनी स्वतः दिलेला होता, तोही या ट्रकचाच भाग, आणि एक वाचवायचा तर दुसरा जाणार. मी म्हटले, आजींना विचारू.

आजी नव्वदी ओलांडलेल्या. त्यांना खुर्चीत बसवून शेडमध्ये आणले. मी दारे लावून अंधार केला आणि बॅटरी आडवी धरून पहिले नाव वाचले, मग 'आणि', मग दुसरे. दुसरे नाव ऐकून त्या म्हणाल्या, "भागीत घेतलेली गाडी. पुढे भागी मोडली. यांनी एका रात्रीत रंग दिला, सकाळी कोणाशी बोलले नाहीत." मी विचारले, वरचा रंग काढू का? त्या थोडा वेळ दाराकडे बघत राहिल्या. "त्यांनी झाकलंय ना, राहू दे. पण ते नाव मला परत एकदा वाचून दाखवा."

मी वाचले. दार तसेच आहे. तिरप्या उजेडात घेतलेला त्याचा फोटो आता कप्प्याच्या झाकणाच्या आत, पाकिटात ठेवला आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रंगारी